एक कमी

टीव्हीवरच्या शब्दखेळाच्या शेवटच्या फेरीत दातांच्या डॉक्टरीणबाई अडखळल्या, एवढंच झालं. एरवी त्या अडखळणाऱ्यांतल्या नव्हत्या. सबंध भागभर त्यांनी आपले आकडे असे सांगितले होते, की जणू समोरच्याची दाढ उपटून बशीत टाकताहेत. "सहा." टण्ण. "सात." टण्ण. पण शेवटच्या नऊ अक्षरांवरचं अर्धं मिनिट संपलं, सूत्रधाराने "हं, डॉक्टर?" म्हणून मान वळवली, आणि त्या म्हणाल्या, "प... पाच." आधी ओठ मिटलेले, मग एक बारीकशी फट, मग शब्द. त्यांच्या शेजारच्या टेबलाशी बसलेला वजनमाप निरीक्षक लागोपाठ तीन भाग जिंकून आलेला होता, चार गुणांनी पुढे होता, आणि समोरच्या कागदावर स्वतःच्या हाताने आठ अक्षरांचा शब्द लिहून बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "चार."

खेळ सोपा होता. फळ्यावर नऊ अक्षरं पडायची. त्यांतून जास्तीत जास्त लांब शब्द जुळवायचा. काना, मात्रा, वेलांटी फुकट. अक्षर मात्र एकदाच वापरायचं आणि जोडाक्षर केलं की दोन अक्षरं खर्ची. आधी दोघांनी नुसता आकडा सांगायचा, मग शब्द. ज्याचा आकडा लहान त्याने शब्द आधी सांगायचा, कारण कार्यक्रमवाल्यांना मोठा घास शेवटी लागतो. तेव्हा सूत्रधार निरीक्षकाकडे वळून म्हणाला, "चारवाले आधी. शब्द?" निरीक्षकाने कागदाकडे पाहिलं आणि जे लिहिलं होतं ते वाचलं. "समजूतदारपणा."

कोपऱ्यात जाडजूड कोश घेऊन बसणाऱ्या बाई, ज्यांच्या मान हलवण्यावर शब्दांचं जगणं-मरणं असे, त्यांनी बोटांवर मोजलं. "स, म, ज, त, द, र, प, ण. आठ झाले हे."

"आठ," सूत्रधार म्हणाला. "तुम्ही चार म्हणालात."

"हो."

"आठ असताना चार?"

"हो."

सूत्रधाराला आयुष्यात प्रथमच विनोद सुचला नाही. नियम असा होता, की सांगितलेला आकडा आणि शब्द जुळला नाही तर शून्य. डॉक्टरीणबाईंनी 'समर्पण' सांगितलं, त्यांना पाच मिळाले, आणि चार गुणांनी पुढे असलेला निरीक्षक एका गुणाने हरला. प्रेक्षक हसले, पण माणुसकीने. डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला, त्याने तो हातात घेतला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच वाटत नाही. वाईट नाही, लाज नाही. फक्त गालांवर पावडरचा थर होता तो तेवढा जाणवत होता. सकाळी तो थर देताना मेकअपवाली म्हणाली होती, "तुमचा चेहरा फार सोपा आहे काका. काही रंगवावं लागत नाही, नुसतं झाकायचं." त्याला ती स्तुतीच वाटली होती.

बाहेर पडताना त्याच्याकडून एका कागदावर सही घेतली गेली. भाग दाखवला जाईपर्यंत निकाल कोणालाही सांगायचा नाही, घरच्यांना तर नाहीच. त्याने आनंदाने सही केली. इतकी वर्षं तो तोंड फुकट बंद ठेवत आला होता. आता त्याला रीतसर आधार मिळाला.

घरी बायकोने दार उघडलं ते प्रश्न हातात घेऊनच. "काय झालं?"

"सांगायचं नाही. सही घेतलीय."

"मला पण नाही?"

"घरच्यांना नाही, हे ठळक छापलंय."

"म्हणजे जिंकलात," ती म्हणाली. "हरलेला माणूस चप्पल काढायच्या आत सांगतो. ज... जिंकलेल्याला वाट बघायला लावायची हौस." आणि ती हसली, अर्ध्या तोंडाने, कारण उरलेलं अर्धं आजारानंतर जरा मागून येत असे. "चला. तुम्ही पुढे गेलात की मला बरं. चॅम्पियनला रोज हरवते म्हटल्यावर चाचणीत मला कोण अडवतंय?"

एवढ्याने तरी निरीक्षकाच्या पोटात काहीतरी हलायला हवं होतं. ते हललं नाही. पण त्याला हिशोब दिसला, लख्ख, जसा त्याला कार्यक्रमातल्या गणिताच्या, म्हणजे आकड्यांच्या फेरीत दिसायचा: पंचवीस चोक शंभर, त्यात तीन मिळवा, साताने गुणा, सातशे एकवीस. भाग दाखवणार काही आठवड्यांनी, गुरुवारी. त्याच कार्यक्रमात शिरण्यासाठीची बायकोची चाचणी त्याच्या नंतरच्या सोमवारी. गुरुवारी बायको सोफ्यावर बसून बघणार की आपला नवरा आठ असताना चार म्हणतो. एका बाईने 'पाच' म्हटलं की तिच्या पाठोपाठ 'चार' म्हणतो. आणि ही गोष्ट जगात फक्त एकाच माणसाला कळण्यासारखी होती.

आजाराआधी ती बसस्थानकावर निवेदिका होती. काचेच्या खोलीत बसून, एका हाताने घाम पुसत आणि दुसऱ्या हाताने कळ दाबत, ती शहराला सांगायची की कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे. तिचा आवाज असा होता की गाडी उशिरा आहे हे ऐकूनसुद्धा लोकांना बरं वाटे. लग्न ठरलं तेव्हा निरीक्षकाचा धाकटा भाऊ म्हणाला होता, "वहिनी काय बोलतील ते ऐक आणि फलाट बदल." तेव्हा हे दोघं दुपारी हा कार्यक्रम लावून बसत, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर शब्द जुळवत, आणि ती त्याला धुवून काढत असे. तो अजून अक्षरं वाचत असताना ती म्हणायची, "सात. आणि तुम्ही त्या 'ळ'कडे बघत बसू नका, त्याचं काही होणार नाही." ते सातही खरे असत आणि 'ळ'चंही काही होत नसे. ती शब्द शोधत नव्हती. शब्दच तिच्या खिडकीशी रांग लावून उभे असत आणि ती त्यांना एकेक करून सोडायची.

मग एके दिवशी तिच्या मेंदूत बारीकशी गुठळी झाली. मायक्रोफोनची कळ दाबून ती म्हणाली, "प्रवाशांनी क... क... क..." आणि शहराच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळ्या फलाटांवरची सगळी माणसं एकाच वेळी गप्प झाली. दवाखान्यात वाचा शिकवणाऱ्या बाई येत. त्या म्हणाल्या, तुम्हाला शब्दांचा खेळ आवडतो ना, तोच लावा. वॉर्डच्या भिंतीवर छताला चिकटलेला टीव्ही होता. अक्षरं पडली, घड्याळ संपलं, आणि खूप वेळाने, जिना चढून आल्यासारखी दमून, ती म्हणाली, "द... दोन." निरीक्षकाच्या डोक्यात त्या वेळी सात होते. पण शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक बघत होते, बाई बघत होत्या, ती बघत होती. तो म्हणाला, "एक."

"एकाचा क... कुठला शब्द असतो?"

"मी," तो म्हणाला.

ती हसली. गुठळीनंतरचं पहिलं हसू, अर्ध्याच तोंडाचं, पण तिचंच. शेजारचे नातेवाईकही हसले. त्या दिवशी निरीक्षकाला जे वाटलं होतं ते त्याला अजून आठवत होतं, म्हणजे वाटलं होतं हे आठवत होतं. काय वाटलं होतं ते मात्र घरी कपाटात ठेवलेल्या लोकरीच्या कपड्यासारखं झालं होतं. आहे हे नक्की, पण काढून घालायचा प्रसंग येत नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर नियम पडला: आधी आजारी माणसाने आकडा सांगायचा. ती तीन म्हणाली की तो दोन. ती चार म्हणाली की तो तीन. नेहमी एक कमी. फार कमी म्हटलं तर संशय येईल, आणि बरोबरी म्हटली तर शब्द सांगावे लागतील. घरच्या खेळात हरणाऱ्याचा शब्द कोणी विचारत नसे. तिचा शब्द ती सांगायची, तो म्हणायचा, "बरोबर." कधी शब्दात फळ्यावर नसलेलं अक्षर असे. परवा फळ्यावर एकही 'ट' नव्हता तरी तिने वाटाघाट केली होती, तीही दोन 'ट' लावून, आणि निरीक्षकाने तीसुद्धा मंजूर केली. असं करता करता काही वर्षं गेली. लाड होता त्याचा रिवाज झाला, रिवाजाचं काम झालं, आणि काम म्हटलं की त्यात कोणी जीव ओतत नाही. आकड्यांच्या फेरीला ती उठून चहा टाकायची, कारण आकड्यांवर तिचा आजारापासून राग होता. चहा, अक्षरं, "पाच", "चार", "बरोबर", मग टीव्ही बंद. त्यापलीकडे दोघांचं बोलणं उरलं नव्हतं. भांडणसुद्धा नव्हतं; भांडायला दोघांची वजनं सारखी लागतात.

ही गंमत त्याला त्याच्या धंद्यामुळे जास्त कळायची. दुपारी खेळापुरता तो घरी यायचा, बाकी दिवसभर दुकानांतून फिरून काटे तपासायचा. कोणी तराजूच्या पारड्याखाली मेण चिकटवलेलं असे, कोणी वजनाच्या बुडातलं शिसं काढून घेतलेलं. याला लोक काटा मारणं म्हणतात. कमी देऊन जास्त सांगणाऱ्यांसाठी कायद्यात कलमं होती, दंड होता, जप्ती होती. जास्त असून कमी सांगणाऱ्यासाठी काहीच नव्हतं. कायदे करणाऱ्यांना असा गिऱ्हाईकवेडा दुकानदार कधी भेटलेला नव्हता.

कार्यालयात प्रमाण वजनांची पेटी होती. आत मखमल, मखमलीच्या खड्ड्यांत पितळेची वजनं, आणि शेजारी पांढरे हातमोजे. प्रमाण वजनाला उघडा हात लावायचा नसतो. बोटांचा घाम चिकटतो, वजन वाढतं, आणि मग साऱ्या शहराचा किलो चुकतो. निरीक्षक ती वजनं हातमोजे घालून उचलायचा, ठेवायचा, पुन्हा झाकायचा. चित्रीकरणाच्या नंतरच्या आठवड्यांत एकदा असं वजन हातात असतानाच त्याला वाटून गेलं, की आपण घरीही हेच करतो आहोत. पण वाटून गेलं म्हणजे शब्दशः गेलं. त्याने वजन खड्ड्यात बसवलं आणि पेटी बंद केली.

"साहेब," शिपाई म्हणाला, "टीव्हीवर बघून आमच्या घरची मंडळी म्हणतात, साहेबांचं वजन वाढलं." शिपायाला सगळे पासंग म्हणत. पारडी सारखी दिसावीत म्हणून हलक्या बाजूला जो खडा बांधतात तो पासंग. आणि हा माणूस नेमका उलटा, जिकडे वजन जास्त तिकडेच बांधलेला असे. "पुढचा भाग कधी?"

"गुरुवारी."

"जिंकला असणार."

"सांगायचं नाही."

"म्हणजे जिंकला," पासंग म्हणाला. "साहेब, माझं एक निरीक्षण आहे. माणूस हरला की कारण सांगतो. तुम्ही कारणच सांगत नाही."

कारण निरीक्षकाजवळ होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. त्याने उपाय मात्र शोधून पाहिले, सरकारी माणसाच्या रीतीने, म्हणजे एकेक उपाय समोर आणून त्यावर नकाराचा शिक्का मारला. गुरुवारी दुपारी फ्यूज काढावा. पण वरच्या मजल्यावरच्या मावशींच्या घरी वीज असणार, आणि त्या बायकोला हाताला धरून वर नेतील. बायकोला दाताच्या डॉक्टरांकडे न्यावं. पण शहरातले सगळे दातवाले त्या दिवशी आपल्या सहकारिणीचा पराक्रम बघत बसलेले असणार. आधीच सांगून टाकावं. यावर त्याचा शिक्का जरा वेळ हवेत राहिला. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुझे सगळे विजय मीच लिहून दिलेले आहेत? की तू बरी झाली नाहीस, मी वाईट खेळत होतो? ती आता फ्रीजला कपाट म्हणायची आणि कपाटाला आठवून आठवून काहीच म्हणायची नाही, पण रोज दुपारी ती जिंकायची, आणि त्या जोरावर संध्याकाळी भाजीवाल्याशी घासाघीस करायची, लेकीला फोनवर म्हणायची, "तुझे बाबा चॅम्पियन, आणि मी बाबांची बाप." त्याच जोरावर तिने फोन करून आपलं नाव नोंदवलं होतं. चाचणीत कोशवाल्या बाई स्वतः बसतात. आणि कोशवाल्या बाई काही तिच्याशी संसार करत नव्हत्या, की 'ट' नसताना वाटाघाट चालवून घ्यावी.

कामावरून परतताना तो वाकडी वाट करून बसस्थानकावर जाई. कुठे जायचं नसताना बाकावर बसे. आजाराच्या आधी मंडळाने तिचा आवाज एकदा मशीनमध्ये भरून घेतला होता, आणि ती घरी बसल्यानंतरही तो रोज कामावर येत होता. "फलाट क्रमांक चारवरील गाडी उशिराने सुटेल. प्रवाशांनी कृपया मागे सरकून उभे राहावे." एकही अक्षर अडखळलेलं नाही. 'प्रवाशांनी'तला 'प्र' इतका स्वच्छ, जणू नुकताच धुऊन वाळत घातलेला. आजूबाजूची माणसं शेंगा सोलत, पोरांना दटावत, आणि कोणी मागे सरकत नसे. निरीक्षक तेवढा बाकावर मागे सरकून बसायचा. एकदा शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कुठली गाडी बघताय?" तो म्हणाला, "उशिराची." म्हातारा म्हणाला, "मग बसा निवांत. ती येते, पण तिच्या मनाने."

गुरुवार आला. मावशी जेवण आटोपून स्वतःची उशी घेऊन खाली आल्या, कारण निरीक्षकाच्या सोफ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "चॅम्पियन कुठे बसणार?" त्या म्हणाल्या. "मधे बसा हो, दोन्हीकडून बघता येईल. एकदा खरा, एकदा टीव्हीतला." निरीक्षक पाय दुमडून मधे बसला. बायकोने कॅलेंडरचे दोन कागद फाडले, एक त्याच्या मांडीवर ठेवला. टीव्हीतला निरीक्षक पावडर लावून आला आणि मान लववून हसला. मावशी म्हणाल्या, "टीव्हीत तुम्ही जास्त जिवंत दिसता."

खेळ सुरू झाला. टीव्हीतला निरीक्षक सात म्हणाला तेव्हा सोफ्यावरचा, बायको चार म्हणाल्यावर, तीन म्हणाला. मावशींना त्यात काही खटकलं नाही. त्यांचं सगळं लक्ष डॉक्टरीणबाईंच्या साडीवर होतं. फेऱ्या जात राहिल्या. निरीक्षकाचा दुमडलेला पाय मांडीखाली झोपी गेला. त्याने तो हलवला नाही. आत काहीतरी व्हायला हवं, असं त्याला सारखं वाटत होतं: छाती धडधडायला हवी, तळव्यांना घाम यायला हवा. तळवे कोरडे होते. इतके, की त्यांनी प्रमाण वजनं उचलली असती तरी चाललं असतं.

मग शेवटची नऊ अक्षरं पडली. घड्याळ चाललं. बायको जीभ ओठात धरून लिहीत होती. निरीक्षकाने काही लिहिलं नाही. ही अक्षरं त्याने एकदा लिहिली होती. वेळ संपली. टीव्हीत सूत्रधार म्हणाला, "हं, डॉक्टर?" आणि टीव्हीतल्या डॉक्टरीणबाई आणि सोफ्यावरची बायको एका श्वासात म्हणाल्या, "प... पाच." आणि टीव्हीतला निरीक्षक आणि सोफ्यावरचा निरीक्षक एका श्वासात म्हणाले, "चार."

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, "घुमतंय की घरात!"

"समजूतदारपणा," टीव्हीतला निरीक्षक म्हणाला. कोशवाल्या बाईंनी बोटं मोजली. आठ असताना चार? हो. प्रेक्षक माणुसकीने हसले. निरीक्षक टीव्हीकडे बघत नव्हता, तो बायकोकडे बघत होता. पूर्वीची ती असती तर 'चार' ऐकूनच थबकली असती. फलाटावरून धावणाऱ्या माणसाच्या चपलांच्या आवाजावरून त्याची कुठली गाडी चुकणार हे सांगणारी बाई. तिला 'समजूतदारपणा' संपेपर्यंतही थांबावं लागलं नसतं.

"घाबरलात," बायको म्हणाली. "क... कॅमेऱ्याला घाबरलात तुम्ही. अहो, आठ होते ना हातात!" आणि तिने त्याच्या मांडीवर थोपटलं, मायेने, वरून, जसं जिंकणारा हरणाऱ्याला थोपटतो. "सोमवारी मी नाही घाबरणार."

"एका गुणाने," मावशी म्हणाल्या, "दातवालीने दात काढून नेला." मग उशी झटकून त्या वर गेल्या, कारण हरलेल्या माणसाच्या घरी फार वेळ बसू नये असा त्यांचा संकेत होता.

तर झालं. तिला कळलं नाही. निरीक्षक पडद्याकडे बघत राहिला, त्यावर आता दुसऱ्याच कोणाची तरी भांडी घासायच्या साबणाने चकाकत होती. त्याने सुटकेची वाट पाहिली. सुटका आली नाही. तिच्याऐवजी एक साधी गोष्ट समोर येऊन बसली. इतके आठवडे आपण ज्याला भीती समजत होतो ती भीती नव्हती. आपण पकडले जायची वाट बघत होतो. पकडायला ती पूर्वीची बाई यावी म्हणून, दुसरं काही नाही. बसस्थानकावर जिची वाट बघत बसायचो तीच. ती आता येणार नव्हती. सोमवारी तिला कोशवाल्या बाईंसमोर नेऊन सोडायचं आणि बाहेर बाकावर बसायचं, एवढं काम उरलं होतं. ते त्याला जमण्यासारखं होतं. त्याचा चेहरा सोपा होता.

बायको कागद गोळा करत होती. रोजच्यासारखा तिने टीव्ही बंद केला, आपली पेन्सिल उचलली. "माझं 'जमादारकी' होतं," ती म्हणाली. "ज, म, द, र, क. पाच."

"बरोबर," तो म्हणाला, आणि त्याला मनात मोजल्यावर दिसलं की ते खरोखरच बरोबर होतं. ती डॉक्टरीणबाईंच्या बरोबरीला आली होती.

"तुमचे चार कुठले होते?"

"ते? टीव्हीत दाखवलं की."

"तिथले नाही. इथले. आत्ता सोफ्यावर तुम्ही चार म्हणालात." तिने त्याचा कागद हातात घेतला. दोन्ही बाजू पाहिल्या. एका बाजूला गेल्या वर्षीचा महिना होता, दुसऱ्या बाजूला काही नव्हतं. "शब्द सांगा."

इतक्या वर्षांत हरणाऱ्याचा शब्द तिने पहिल्यांदा विचारला होता. 'समर्पण'मधला 'म' काढून 'सरपण' म्हटलं असतं तरी चार झाले असते. 'दमणूक' म्हटलं असतं तरी चार झाले असते. निरीक्षकाच्या डोक्यात चार अक्षरांचे शब्द रांग लावून उभे होते. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "मी."

ती हसली नाही. "तो एकाचा," ती म्हणाली.

मग ती तशीच उभी राहिली, हातात कोरा कागद घेऊन. तिने बंद टीव्हीकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग त्याच्याकडे. काहीतरी फार लांबून निघालेलं होतं, थांबे घेत येत होतं, आणि निरीक्षक बाकावर मागे सरकून बसलेल्या माणसासारखा हलला नाही. तिचे ओठ मिटले. त्यांत एक बारीकशी फट पडली.

"प... पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"दवाखान्यात पण?"

"सात होते."

"आणि माझी वाटाघाट?"

"'ट' नव्हता."

"आणि तुम्ही बरोबर म्हणालात."

"हो."

ती सोफ्याच्या हातावर टेकली. निरीक्षकाला वाटलं ती रडेल, आणि मग आपण काय करायचं याचा तो विचार करू लागला. पण तिच्या गळ्याशी शीर उठली होती आणि कान लाल झाले होते, आणि तो रंग त्याने फार दिवसांत पाहिला नव्हता. "एवढा मोठा इन्स्पेक्टर," ती म्हणाली, "आणि घरात बसून काटा मारता? मला? मी लेकीला काय काय सांगत बसले फोनवर! सोमवारी त्या बाईपुढे जाऊन मी वाटाघाट सांगितली असती म्हणजे?" एकाही शब्दावर ती अडखळली नाही, रागाला बहुधा थांबा नसतो. "तुमच्या ऑफिसात काटा मारणाऱ्याचं काय करतात?"

"काटा जप्त करतात."

"मग द्या इकडे."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. तिने हात पुढे केलेला तसाच धरला होता. शेवटी त्याने कानावर अडकवलेली पेन्सिल काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती घेतली, आत गेली, आणि ज्याला ती कपाट म्हणायची त्या फ्रीजचं दार आपटल्याचा आवाज आला. निरीक्षकाने उठायचा प्रयत्न केला, पण मांडीखालचा पाय त्याचा राहिला नव्हता. तो परत बसला.

रात्रीच्या जेवणाला ती बोलली नाही. पण ते रोजचं न बोलणं नव्हतं. याला वजन होतं. त्याच्या ताटात भात आदळला तेव्हा त्याला ते जाणवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सोफ्यावर येऊन बसली आणि तिने पेन्सिल त्याला परत दिली. पेन्सिल थंडगार होती. तिला टोक केलेलं होतं. "आजपासून आधी तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "आजारी माणसाची सवलत बंद."

अक्षरं पडली. घड्याळ संपलं. निरीक्षकाच्या कागदावर सात होते. त्याची जीभ सवयीने डावीकडच्या आवाजाची वाट बघत राहिली. आवाज आला नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

"सात," तो म्हणाला. मोठ्याने म्हटलेला तो आकडा त्या खोलीत जरा जास्तच मोठा वाटला.

तिने आपल्या कागदाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. तिथे काय होतं हे त्याला दिसत होतं, म्हणून तो बघत नव्हता.

"त... तीन," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. टीव्हीत कोणीतरी पाच आणि कोणीतरी सहा म्हणालं. बाहेर कोणीतरी गाडीचं दार लावलं.

"सोमवारी..." तो म्हणाला.

"जाणार. तीन असले तर तीन सांगीन, आणि घरी येईन." तिने मान उडवली. "निदान माझे ते. आता तुमचा शब्द सांगा, मोजू दे. हळूहळू. एक अक्षर खायचं नाही."

तो एकेक अक्षर सांगू लागला आणि ती कोशवाल्या बाईंसारखी बोटं दुमडत गेली. कालचा पाय त्याने आज पुन्हा दुमडला होता. चौथ्या अक्षराला त्या पायात मुंग्या आल्या, बारीक, झोंबऱ्या, टाचेपासून वर चढणाऱ्या. ओरडावंसं वाटण्याइतक्या. त्याने पाय काढला नाही. पुढचं अक्षर सांगितलं.